सप्र्यांची सही आणि 'कर्मजिज्ञासा'

रायपुरास बदलून आलेल्या मराठी माणसास माधवराव सप्रे प्रथम भेटतात ते शाळेच्या पाटीवर. १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' काढणारे, पुढे नागपुरात 'हिंदी केसरी' चालविणारे ते हेच, असे मागाहून कळते. १९०८ सालची हकीकत मात्र बहुधा दोन ओळींत उरकली जाते. राजद्रोहाच्या आरोपाखाली सप्रे पकडले गेले. वडील बंधूंच्या आग्रहापुढे नमून त्यांनी माफीनाम्यावर सही केली व ते सुटले. त्याच वर्षी टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली होती.

या सहीस कोणी कुटुंबवत्सलता म्हणतात, कोणी दुर्बलता. आम्हांस दोन्ही निवाडे सोयीचे वाटतात. सरकारपुढे वाकू नये ही निष्ठा खरी, आणि वडील भावाचे मन मोडू नये हीही तितकीच खरी. दोहोंपैकी एक खोटी ठरविली की मन मोकळे होते. सप्र्यांनी ती सुटका घेतली नाही. रामदासी मठात ते माधुकरीवर राहिले, 'दासबोध' त्यांनी हिंदीत आणला, आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या टिळकांच्या 'गीतारहस्या'चा हिंदी अनुवादही पुढे त्यांच्याच हातून झाला.

त्या ग्रंथातील 'कर्मजिज्ञासा' हे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. अर्जुनासारखा पेच इतरांवरही येतो हे दाखविताना टिळक शेक्सपिअरचे हॅम्लेट व कोरायलेनस पुढे आणतात. रोमने हद्दपार केलेला कोरायलेनस शत्रूस मिळून रोमवर चालून येतो, आणि आईच्या विनवणीने माघारी वळतो. आप्तांच्या शब्दासाठी हाती घेतलेले कार्य सोडणारा पुरुष कसा असतो, हे सप्र्यांस पुस्तकातून शिकावे लागले नव्हते!

पुढील प्रकरणांत टिळक या पेचास साम्यबुद्धीचे उत्तर देतात. तर्कदृष्ट्या ते आम्हांस मान्य आहे. परंतु आम्ही दिवसभर लोकांच्या सह्या घेणारी माणसे. कागद पुढे सरकविल्यावर समोरच्याचा हात कसा अडतो, हे रोज पाहतो. त्या क्षणी साम्यबुद्धी कोठून आणावी, याविषयी ग्रंथ आम्हांस थोडा घाईचा वाटतो. 'कर्मजिज्ञासे'त ती घाई नाही. तेथे दोन्ही कर्तव्ये आपापल्या जागी ताठ उभी राहतात. म्हणूनच सबंध ग्रंथात हे प्रकरण आम्ही वरचे मानतो.

मराठी प्रत बहुतेकांच्या घरी असेलच. शेजारी सप्र्यांची हिंदी प्रत ठेवून एवढे प्रकरण तरी सावकाश वाचावे.