हजेरी कोणी लिहिली?

रत्नागिरीत कैद्यांची कदर आहे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1886 साली इथं आणून ठेवलं, 1916 साली तो इथंच मेला. त्याचा राजवाडा बघायला आजही लोक येतात. सावरकर 1924 ते 1937 इथं स्थानबद्ध होते. अंदमानातली कैद त्यांनी 'माझी जन्मठेप'मध्ये स्वतः लिहिली. एकाचा राजवाडा राहिला, एकाचं पुस्तक. पण त्याच काळात, त्याच मुंबई इलाख्यात हजारो माणसं तारेच्या कुंपणात होती. त्यांचं काय राहिलं? पोलिसांचं रजिस्टर.

सेटलमेंट म्हणायचे त्याला. 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा 1911 साली आपल्या इलाख्यालाही लागू झाला. कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट आईच्या पोटातूनच चोर ठरले. सोलापूर, विजापूर, हुबळीला सेटलमेंटी उभ्या राहिल्या. रोज हजेरी, बोटांचे ठसे, बाहेर जायचं तर पास. सहा ते अठरा वर्षांची पोरं आईबापांपासून तोडायचा अधिकारही सरकारच्या हाती. वर याला नाव दिलं सुधारणा! सोलापूरच्या गिरण्यांत ही माणसं राबली. मीही गिरणीत मस्टरवर सही करतो. माझा खाडा पडला तर रोज बुडतो. त्यांचा पडला तर तुरुंग.

आउश्वित्झची गोष्ट आली की आपल्याकडचे मोठे समीक्षक गहिवरतात. गहिवरावंच. तिथं माणसं मारायचेच कारखाने होते, सोलापुरात ते नव्हते, दोन्ही एकच असं मी म्हणणार नाही. पण प्रीमो लेवीनं 1947 साली छावणीची साक्ष लिहिली तेव्हा ती साक्ष म्हणूनच वाचायची असते हे जगाला हळूहळू का होईना कळलं. आपल्याकडं देशभरात कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला आणि लक्ष्मण गायकवाडांचा 'उचल्या' आला 1987 साली. पस्तीस वर्षं! आणि आल्यावर त्याचं काय केलं? खिसा कसा कापतात, पोरांना चोरी कशी शिकवतात, एवढंच चघळत बसले. साहित्य अकादमीचं बक्षीस दिलं आणि मोकळे झाले.

अरे बाबांनो, त्या पुस्तकात खिशापेक्षा पोलीस जास्त आहे. कायदा कागदावर मेलाय, पण धाड येतेच, मार बसतोच, घराण्यावरचा शिक्का पुसत नाही. लातूरच्या सूतगिरणीत काम केलेला माणूस हे लिहितोय. कुंपण काढल्यावरही ते माणसाच्या अंगात कसं उरतं, ते यात आहे. म्हणून 'उचल्या' रजिस्टरच्या शेजारी ठेवून वाचावं. रजिस्टरमध्ये नाव, जात, ठसा. पुस्तकात त्या ठशाचा माणूस. शेवटाकडं पुस्तक चळवळीच्या अहवालासारखं पळतं, हे मला खटकलं. घरातल्या बाया जिथं बोलतात तिथं थांबायला हवं होतं.

आता आपलंही बघू. बाबासाहेब 1928 ते 1930 स्टार्ट कमिटीत होते. त्या कमिटीचा अध्यक्ष स्टार्ट हाच इलाख्याच्या सेटलमेंटींचा अधिकारी राहिलेला. 1948 साली अस्पृश्यांच्या मुळावर लिहिलेल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी गुन्हेगार ठरवलेल्यांची संख्या मांडली, सुमारे दोन कोटी, आणि ज्या संस्कृतीत असे लोक तयार होतात तिलाच जाब विचारला. आणि आपण? आपल्या कवितांत गावकुसाबाहेरचा महारवाडा येतो, मांगवाडा येतो. तारेतला पारधी किती कवितांत आहे? माझ्या वहीत तर एकाही नाही.

'उपरा' 1980 चं, 'उचल्या' 1987 चं, त्याच वर्षीचं भीमराव गस्तींचं 'बेरड'. तिन्ही पुरुषांची. सेटलमेंटमधून गिरणीत जाणारी बाई पास दाखवून फाटकातून बाहेर पडताना काय पुटपुटत असेल, ते या तिन्हीत कुठंच नाही.