देवीच्या दारात जागा आहे, पण कुठल्या अटीवर?

गंगाखेड तालुक्यातलं राणीसावरगाव रेणुकादेवीसाठी ओळखलं जातं. माहूरला जी रेणुका, तिलाच सौंदत्तीला यल्लम्मा म्हणून पुजतात. सौंदत्तीच्या डोंगरावर एक चित्र हमखास दिसतं. लुगडं नेसलेला, कपाळभर भंडारा लावलेला जोगता येतो आणि माणसं त्याच्या पाया पडतात. हे दाखवून आपल्याकडे अनेकजण म्हणतात, 'आपली संस्कृती आधीपासूनच सर्वसमावेशक आहे, पाश्चात्त्यांकडून शिकायची गरज काय?' या दाव्याची सगळ्यात चांगली तपासणी मराठीत एका सिनेमाने केली आहे. आणि तोच सिनेमा एका जागी अडतोसुद्धा.

राजीव पाटील यांचा 'जोगवा' २००९ साली आला. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा त्यामागे आहे. उपेंद्र लिमये यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार याच सिनेमासाठी मिळाला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना 'जीव रंगला' हे गाणं तोंडपाठ असेल, सिनेमा मात्र पाहिलेला नसेल. गोष्ट थोडक्यात अशी: सुलीच्या केसांत जट येते आणि तिला जोगतीण करतात. तायप्पाला एक आजार होतो, तो देवीचा कौल ठरतो आणि त्याला लुगडं नेसवतात. विचारत कुणीच नाही, ना तिला ना त्याला. पुढे दोघं एकमेकांच्या प्रेमात पडतात.

सिनेमाचं मोठेपण हे की तो या 'स्वीकारा'ची किंमत दाखवतो. तायप्पाच्या पाया पडणारं गाव त्याची टिंगलही करतं. परडीत पीठ घालणारे हात त्याला घरात घेत नाहीत. देवीचा म्हणून मान आहे, पण माणूस म्हणून घर, शेत, जोडीदार यातलं काही नाही. म्हणजे दार उघडं असतं ते एका भूमिकेसाठी. ती भूमिका सोडली की दार बंद.

इथपर्यंत 'जोगवा' अचूक आहे. अडचण शेवटाकडे येते. तायप्पा मुळात 'पुरुषच' आहे, त्याच्यावर लुगडं लादलंय, आणि ते टाकलं की तो मोकळा, असा सिनेमाचा हिशेब आहे. तायप्पापुरता तो बरोबर आहे. पण त्याच्याभोवतीच्या जोगत्यांमध्ये ज्याला ते लुगडं मनापासून हवं होतं, त्याचं काय? त्याच्यासाठी मुक्ती म्हणजे लुगडं टाकणं नव्हे. लुगडं नेसूनही शेजारच्या घरात चहाला बोलावलं जाणं, ही त्याची मुक्ती. या माणसाची गोष्ट सिनेमा बाजूला ठेवतो. प्रेक्षकाला सुटकेचा आनंद मिळतो, कारण शेवटी एक पुरुष आणि एक बाई एकत्र येतात.

सोळा वर्षांनी रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' आला. २०२५च्या सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक सिनेमा विभागातलं सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळालं. वडील वारल्यावर आनंद मुंबईहून गावी येतो. दहा दिवसांचं सुतक, भावकी, आणि सतत एकच प्रश्न, लग्न कधी? तिथे त्याला बाळ्या भेटतो, लहानपणीचा मित्र. इथे ना देवी आहे, ना जट, ना कौल. दोन पुरुष आहेत आणि त्यांना एकमेकांजवळ बसायचंय. आनंदच्या आईला सगळं माहीत आहे आणि ती मुलाची ढाल होते. हा सिनेमा 'जोगवा'ने सोडलेली जागा भरतो: कुणालाही बदलायला न लावता प्रेम दाखवतो. पण इथलं स्वागत घरापुरतं आहे. भावकीला कळलेलं नाही, आणि कळू नये यासाठीच सगळी धडपड आहे.

म्हणजे एका सिनेमात समाज जागा देतो, पण माणूस म्हणून नाही. दुसऱ्यात घर माणूस म्हणून जागा देतं, पण समाजाला न सांगता. मधला प्रसंग आपल्याकडे कुणी लिहिलेला नाही: लोक एकत्र बसलेत, विषय नाव घेऊन निघालाय, आणि कुणाला तरी हो किंवा नाही म्हणायचंय.

हा प्रसंग किती अवघड असतो, ते अमेरिकेतल्या ल्यूथरन ख्रिश्चनांनी पाहिलंय. ऑगस्ट २००९ मध्ये, 'जोगवा' आला त्याच वर्षी, त्यांच्या सगळ्यात मोठ्या चर्चचं अधिवेशन मिनीआपोलिसला भरलं. समलिंगी जोडीदारासोबत एकनिष्ठ राहणाऱ्यांना पाळक होता यावं का, यावर मतदान झालं. ५५९ बाजूने, ४५१ विरोधात. नंतर शेकडो मंडळ्या बाहेर पडल्या. ज्या राहिल्या त्यांतल्या अनेकींनी आपापल्या गावात चर्चा करून जाहीर केलं, 'तुम्ही जसे आहात तसे या.' यात भांडणं झाली, माणसं दुरावली. पण दारावर आलेल्या माणसाला आपण कुठे उभे आहोत हे कळलं. आपल्या मूक स्वीकारात नेमकं हेच कळत नाही. न बोलता दिलेली माया न बोलता काढूनही घेता येते.

कायद्याने ६ सप्टेंबर २०१८ला समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. पण सप्ताहाच्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसेल, नवरात्रात देवीची परडी कोण भरेल, हे कोर्ट ठरवत नाही. ते देवस्थान समिती ठरवते, भावकी ठरवते, पारावरची माणसं ठरवतात. मराठी सिनेमाने अजून त्या बैठकीत कॅमेरा नेलेला नाही.

म्हणून 'जोगवा' आणि 'साबर बोंडं' लागोपाठ बघा. पहिला संपल्यावर लुगडं टाकलेल्या तायप्पाचा आनंद जरूर घ्या. मग त्या जोगत्याचा विचार करा, ज्याने लुगडं टाकलं नाही, आणि ज्याला अजून कुणी घरात बोलावलेलं नाही.