पडद्यावरचे तोंड आणि वर्गातले कान

2000 सालच्या जूनपासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. तोवर ती पाचवीत भेटत असे. ज्यांनी स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवली, त्याच शिक्षकांवर सहा वर्षांच्या मुलांचे उच्चार घडवण्याची जबाबदारी आली. राज्यातील इंग्रजी शिक्षकांना प्रशिक्षण देणारी सरकारी संस्था आमच्या छत्रपती संभाजीनगरातच आहे. पण प्रत्येक वर्गापर्यंत पोहोचला तो मोबाइल. कार्टूनमधले पात्र शब्द म्हणते, मुले मागोमाग म्हणतात.

या चित्रफितींचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. त्या दहादा तेच म्हणून थकत नाहीत आणि चुकल्यावर हसत नाहीत. चित्रकाराने मनावर घेतले, तर गाल उघडून आतली जीभही दाखवता येते. जिवंत शिक्षकाला ते शक्य नाही. दुर्दैवाने बहुतेक चित्रफितींत नेमके हेच नसते. पात्राचे ओठ ठरावीक चार-सहा आकारांत उघडमीट करतात. 1976 साली मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी दाखवून दिले, की आवाज ‘बा’चा आणि ओठ ‘गा’चे असले, तर पुष्कळांना ‘डा’ ऐकू येते. म्हणजे ऐकण्यात डोळ्यांचाही वाटा असतो. उच्चाराच्या धड्यात ओठ ढोबळ काढणे हा केवळ चित्राचा दोष राहत नाही.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. या चित्रफिती असे गृहीत धरतात, की मुलाच्या तोंडात आधी कोणतीच भाषा नाही. आपण ‘व्हिडिओ’ लिहितो आणि ‘वॉच’ लिहितो. व्ही आणि डब्ल्यू यांतला फरक लिपीने टिपला, पण त्यासाठी ‘ह’ उसना घेतला. मूल तो ‘ह’ इमानाने उच्चारते. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून नुसता घोष काढायचा, हे त्याला कोणी सांगत नाही. झेडचेही तसेच. ‘झू’ असे लिहिल्यामुळे मूल महाप्राण ‘झ’ म्हणते. वास्तविक ‘जीवन’मधला ‘ज’ वेगळा आणि ‘जवळ’मधला वेगळा, हे त्याच्या जिभेला जन्मापासून ठाऊक असते. ‘जवळ’ म्हणताना सुरुवातीला जीभ टेकते, तेवढी टेकू दिली नाही की झेड हाती लागतो. शेजारच्या गल्लीतले दखनी बोलणारे मूल तर ‘ज़मीन’ म्हणताना तो रोज उच्चारते.

चित्रफीत ऐकवते, मुलाचे ऐकत नाही. ते काम शिक्षकाचेच, आणि त्याला विलायती वळण नव्हे, स्वतःच्या मराठीचे भान हवे. आपले इंग्रजी कच्चे म्हणून तो संकोचाने पडद्याआड जातो, तेव्हा वर्गातला एकमेव जाणता कान निघून जातो. मग चुकलेले मूल हळूहळू बोलायचेच थांबते. म्हणून चित्रफीत जरूर लावावी. पण मध्येच थांबवून मुलांकडून आधी ‘जवळ’ म्हणवून घ्यावे, मग ‘झू’.