वंद्य नट आणि रिकामी भूमिका

थोर नटाच्या उत्तरवयांतील कामाविषयीं लिहितांना टीकाकाराची लेखणी अडखळते. डॉ. श्रीराम लागू यांचा जन्म १९२७ सालीं सातारा येथें झाला. त्यामुळें आम्हां सातारा-सांगलीकडील मंडळींस त्यांच्याविषयीं घरचा अभिमान वाटतो. तथापि जयप्रद देसाई यांचा 'नागरिक' हा २०१५ सालचा राजकीय रहस्यपट परवां आम्हीं पुन्हां पाहिला, तेव्हां तो अभिमान घटकाभर बाजूस ठेवणें आम्हांस अवश्य वाटलें. निमित्त असें घडलें कीं, सांगलीच्या आमच्या एका विद्यार्थ्यानें लागूंचें एवढेंच काम पाहिलें होतें. "यांना एवढें मोठें कां मानतात?" असें त्यानें आम्हांस सरळ विचारलें.

चित्रपटाचा नायक श्याम जगदाळे हा पत्रकार असून तो सत्तेच्या डावपेचांत ओढला जातो. सचिन खेडेकर यांनीं तें काम मनापासून केलें आहे. परंतु राजकारण मलिन आहे हें प्रेक्षकास घरूनच ठाऊक असतें. रहस्यपटानें त्याला ठाऊक नसलेलें कांहीं दाखवावें, निदान ठाऊक असलेल्याचें भय तरी नव्यानें वाटावयास लावावें. आमच्या मतें 'नागरिक'मध्यें विचार बोलून फार दाखविला जातो आणि कुतूहल मंदावत जातें. लागूंची भूमिका तर अगदीं लहान. त्या वेळीं त्यांचें वय ८७ वर्षांचें होतें. त्यांच्या मुद्रेनें चित्रपटास प्रतिष्ठा येते. पण देव्हाऱ्यांतील मूर्तीप्रमाणें त्यांचें दर्शन घडतें, नाट्य घडत नाहीं.

याच नटाचा 'सामना' आठवावा. जब्बार पटेल यांचा हा १९७५ सालचा चित्रपट विजय तेंडुलकरांनीं लिहिला. साखर कारखान्याच्या जोरावर गांवचा धनी होऊन बसलेला हिंदुराव आम्हां उसाच्या मुलखांतील लोकांस मुळींच परका नव्हता. निळू फुले यांच्या त्या हिंदुरावासमोर लागूंचा मास्तर उभा राहतो. तो दारूच्या आहारीं गेलेला आहे, हिंदुरावाचाच पाहुणचार घेतो आहे. आणि मारुती कांबळे या माणसाचें काय झालें, हें मात्र तो विचारल्यावांचून राहत नाहीं. सारें रहस्य त्या एका प्रश्नांत आहे. विचारणारा स्वतः पडलेला असल्यामुळेंच त्या प्रश्नास धार येते. पुढें 'सिंहासन' (१९७९) या पटेलांच्याच चित्रपटांत लागूंनीं मुख्यमंत्रिपदावर डोळा ठेवणारा विश्वासराव दाभाडे रंगविला. तेथेंही एक पत्रकार आहे. परंतु त्या चित्रपटाचें यश कोणाच्या उपदेशावर अवलंबून नाहीं.

कोणी म्हणेल, ८७ व्या वर्षीं नटाकडून आणखी काय मागावें? हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधील अप्पा बेलवलकर लागूंनीं १९७० सालीं, म्हणजे स्वतःच्या ४३ व्या वर्षीं, प्रथम उभा केला. वार्धक्य म्हणजे केवळ पूज्यता नसून त्यांत हट्ट असतो, राग असतो, मायेची भूक असते, हें आदल्याच वर्षीं शस्त्रवैद्याचा व्यवसाय सोडून पूर्ण वेळ रंगभूमीवर आलेल्या त्या माणसानें महाराष्ट्रास दाखवून दिलें. तरुणपणीं उसनें घेतलेलें वार्धक्य त्यांनीं असें जिवंत केलें. खरें वार्धक्य अंगीं आलें, तेव्हां या चित्रपटानें त्यांस म्हातारा माणूस दिला नाहीं, फक्त वंदनीय पुरुष दिला.

लागू १७ डिसेंबर २०१९ रोजीं निवर्तले. आतां त्यांची ओळख पुढच्या पिढीस चित्रफितींवरूनच व्हावयाची. म्हणून वृद्ध नटास भूमिका देणाऱ्या दिग्दर्शकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, त्यास नमस्कार करावा आणि मग एखादा दोष, एखादी वासना, एखादा अवघड प्रश्नही द्यावा. त्या विद्यार्थ्यास आम्हीं उत्तर दिलें नाहीं; 'सामना' पाहून ये, एवढेंच सांगितलें.