अतिमानवी नायकाचा रंग : वस्त्राचा की वर्णाचा?

प्रास्ताविक

चित्रकथेतील अतिमानवी नायक वाचकाला प्रथम भेटतो तो रंगातून. त्याचे नाव, त्याची कुळकथा आणि त्याचे सामर्थ्य या गोष्टी नंतर कळतात. निळा-लाल म्हटले की सुपरमॅन, जांभळा म्हटले की वेताळ आणि हिरवा म्हटले की नागराज, अशी समीकरणे अनेक पिढ्यांच्या मनात पक्की झालेली आहेत. या रंगांचा अर्थ लावताना समीक्षेत बहुधा प्रतीकांची भाषा वापरली जाते. लाल हा शौर्याचा, निळा हा निष्ठेचा, काळा हा गूढतेचा, असे कोष्टक मांडले की विवेचन संपल्यासारखे वाटते. ही पद्धत सोयीची असली तरी अपुरी आहे. नायकाचा रंग कोणता, यापेक्षा तो कोठे आहे, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. मराठीत 'वर्ण' हा शब्द रंगाचाही वाचक आहे आणि जन्माने ठरणाऱ्या सामाजिक स्थानाचाही. म्हणूनच रंग नायकाच्या वस्त्रात आहे की त्याच्या वर्णात, याचा विचार मराठी वाचकाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात वेताळ, अमर चित्र कथा, नागराज आणि बहादूर यांच्या आधारे हा विचार मांडला आहे.

प्रतीकाआधी छपाई

रंगाचे प्रतीकात्मक अर्थ पुष्कळदा मागाहून चिकटविलेले असतात, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. ली फॉक यांचा फँटम १९३६ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांतून कृष्णधवल स्वरूपात अवतरला. फॉक यांच्या कल्पनेत त्याचा वेश करडा होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली तेव्हा तो जांभळा छापला गेला आणि पुढे तोच रंग रूढ झाला. स्कँडिनेव्हियातील वाचकांसाठी हाच नायक निळा राहिला, तर इटली आणि ब्राझीलमध्ये तो लाल झाला. कथा एकच, नायक एकच, परंतु रंग तीन. १९६२ मध्ये हल्क पहिल्या अंकात करडा होता. करड्या रंगाची छटा छपाईत सर्वत्र सारखी उमटेना, म्हणून दुसऱ्या अंकापासून तो हिरवा करण्यात आला. आज त्या हिरव्या रंगात क्रोध किंवा निसर्गशक्ती शोधणाऱ्या समीक्षकाने छापखान्यातील ही अडचण विसरता कामा नये.

भारतीय उदाहरणही असेच आहे. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या अमर चित्र कथेच्या आरंभीच्या पुस्तिका खर्चाच्या मर्यादेमुळे पूर्ण रंगांत छापता आल्या नाहीत. पिवळा, निळा आणि हिरवा एवढ्याच रंगांवर भागवावे लागले. तथापि छपाईची मर्यादा कोणता रंग शक्य आहे एवढेच ठरवते. उपलब्ध रंग कोणाच्या अंगावर चढवायचा, हा निर्णय मात्र चित्रकाराचा, संपादकाचा आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या समाजाचा असतो.

वस्त्रातील रंग

१९३८ मध्ये आलेल्या सुपरमॅनचा निळा-लाल वेश क्लार्क केंटच्या साध्या पोशाखाखाली दडलेला असतो. हा रंग घालता येतो, काढता येतो आणि लपवताही येतो. पाश्चात्त्य अतिमानवाचे द्विविध जीवन या सोयीवर उभे आहे. तत्त्वतः असा रंग कोणालाही धारण करता यावा. प्रत्यक्षात मात्र तसे घडतेच असे नाही.

इंद्रजाल कॉमिक्सने १९६४ पासून १९९० पर्यंत फँटमला भारतीय भाषांमध्ये आणले. मराठी वाचकाने त्याला 'वेताळ' म्हणून आपलेसे केले. वेताळाचा वेश पित्याकडून पुत्राकडे येतो. एकवीस पिढ्या तो एकाच गोऱ्या घराण्यात राहतो. भोवतालच्या अरण्यातील कृष्णवर्णीय बांदार जमातीचे लोक त्याचे विश्वासू साथीदार आहेत, परंतु त्यांच्यापैकी कोणाच्याही वाट्याला तो वेश येत नाही. येथे रंग वस्त्राचा असूनही त्याची मालकी जन्माने ठरते. ज्या वाचकाने वेताळावर मनापासून प्रेम केले, त्याचा स्वतःचा वर्ण वेताळापेक्षा बांदारांना जवळचा होता. या विसंगतीची मराठीत फारशी दखल घेतली गेलेली नाही.

याउलट स्पायडरमॅनचा वेश चेहऱ्यासह संपूर्ण शरीर झाकतो. त्वचेचा कणही दिसत नाही. म्हणूनच २००४ मध्ये भारतात निर्माण झालेल्या आवृत्तीत पवित्र प्रभाकर हा मुंबईत आलेला खेड्यातील मुलगा धोतर नेसून त्या नायकाची जागा घेऊ शकला आणि २०११ मध्ये माइल्स मोरालेस हा कृष्णवर्णीय मुलगाही तीच जागा घेऊ शकला. वस्त्राने वर्ण पूर्णपणे झाकला, तेव्हाच नायकपद खुले झाले.

वर्णातील रंग

भारतीय चित्रकथेत नायकाचा रंग प्रामुख्याने त्वचेवर येतो. अमर चित्र कथेतील भारतीय विषयावरची पहिली पुस्तिका 'कृष्ण' ही होती आणि तिची चित्रे राम वाईरकर यांनी काढली. तेथील कृष्ण निळा आहे. मराठी भक्तिपरंपरेला देवाचा काळा वर्ण अपरिचित नाही. पंढरीचा विठ्ठल काळ्या पाषाणाचा आहे आणि 'सावळा' हे मराठीत लाडाचे विशेषण आहे. 'कृष्ण' या शब्दाचा अर्थच काळा असा आहे. परंतु दिनदर्शिकांच्या चित्रांतून आणि चित्रकथांतून हा सावळेपणा निळाईत रूपांतरित झाला. या निळाईमुळे देवाचे वेगळेपण राखले गेले आणि त्याच वेळी नायकाच्या ठिकाणी सावळी मानवी त्वचा रंगविण्याची गरजही उरली नाही. दुसरीकडे असुर, राक्षस आणि वनचर यांच्यासाठी गडद तपकिरी व काळसर छटा राखून ठेवल्या गेल्या. अमर चित्र कथेवरील अभ्यासांतून हा आक्षेप अनेकदा नोंदविला गेला आहे. त्याचे गांभीर्य असे की, वस्त्र उतरवता येते, वर्ण उतरवता येत नाही. त्वचेच्या रंगावरून सज्जन-दुर्जन ओळखण्याची सवय लागलेला बालवाचक तीच नजर घेऊन वर्गात आणि रस्त्यावर वावरतो.

या पार्श्वभूमीवर १९८६ मध्ये आलेला राज कॉमिक्सचा नागराज लक्षणीय ठरतो. त्याची आरंभीची चित्रे पुण्याचे चित्रकार प्रताप मुळीक यांनी काढली. अमर चित्र कथेतही त्यांनी विपुल काम केले होते. नागराजचा हिरवा रंग हा त्याच्या खवल्यांच्या त्वचेचा आहे. कथेनुसार त्याला प्राध्यापक नागमणी याने दहशतवादाचे हत्यार म्हणून घडविले आणि गोरखनाथांमुळे तो सन्मार्गाला लागला. म्हणजेच ज्याची त्वचा त्याला राक्षसांच्या पंक्तीत बसवू शकली असती, त्याला येथे नायकपद मिळाले. हिरव्या रंगाला स्वतःचा नैतिक अर्थ नसतो, हेही यातून स्पष्ट होते. कथकलीत हिरवा चेहरा धीरोदात्त नायकाचा असतो, तर बंगालच्या दुर्गामूर्तीत पारंपरिक महिषासुर हिरवा असतो. नागराजमुळे वर्ण आणि नीती यांचे नाते सैल झाले. मात्र त्यासाठी मानवी त्वचेत न आढळणारा रंग निवडावा लागला, ही या प्रयोगाची मर्यादा होय.

बहादूर : बाजारात मिळणारा वेश

इंद्रजाल कॉमिक्सने १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर वाचकांपुढे आणला. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची होती. बहादूर भगवा कुर्ता आणि निळी जीन्स घालतो. एका दरोडेखोराचा हा मुलगा पुढे दरोडेखोरांविरुद्ध नागरिकांना संघटित करतो. त्याला मुखवटा नाही आणि अलौकिक शक्तीही नाही, त्यामुळे काटेकोर अर्थाने तो अतिमानव ठरत नाही. परंतु रंगयोजनेच्या दृष्टीने त्याचा वेश विचारात घेण्याजोगा आहे. भगव्यातील परंपरा आणि जीन्सच्या निळ्यातील आधुनिकता यांचा मेळ नेहमीच दाखविला जातो. त्याहून महत्त्वाचे असे की, हे दोन्ही कपडे कोणत्याही आठवडी बाजारात विकत मिळतात. पित्याचा वारसा नाकारणाऱ्या नायकाला वारशाने न येणारा वेश मिळाला, ही संगती मार्मिक आहे. वेताळाचा जांभळा वेश घराण्याचा, बहादूरचा भगवा-निळा बाजाराचा.

यवतमाळच्या सीमेवरील तिसरा पर्याय

वस्त्र आणि वर्ण यांपलीकडे आणखी एक शक्यता आहे आणि तिचे उदाहरण यवतमाळ जिल्ह्याच्या लगतच सापडते. पैनगंगेपलीकडील आदिलाबादच्या आणि या सीमाभागातील गोंड समाजात दिवाळीच्या काळात दंडारीबरोबर गुसाडी नाचतात. डोक्यावर मोरपिसांचा भव्य टोप, अंगाला फासलेली राख, हातात दंड असा हा वेश असतो. मार्लवाई येथील गुसाडी कलावंत कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाल्याने या परंपरेची देशभर ओळख झाली. गुसाडी हा त्या दिवसांत देवत्वाचा अंश धारण करणारा मानला जातो. त्याचा रंग वस्त्राचा नसून अंगावरचाच असतो, परंतु तो जन्मजात नसतो. तो विधीने चढतो आणि सण संपल्यावर धुतला जातो. त्यानंतर तो माणूस पुन्हा आपल्या शेताकडे वळतो. सामर्थ्य येथे समाजाने काही काळापुरते सोपविलेले असते. चित्रकथेच्या चित्रकारांना हा नमुना उपलब्ध होता, तथापि त्यांनी वनवासी माणसाला बहुधा साथीदाराच्या किंवा शत्रूच्या रंगातच रंगविले.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, अतिमानवी नायकाच्या रंगयोजनेची समीक्षा केवळ प्रतीककोष्टकावर भागत नाही. हा रंग छपाईने लादला की निवडीने आला, तो वस्त्रात आहे की त्वचेत, तो उतरवता येतो काय आणि दुसऱ्याला धारण करता येतो काय, या चार प्रश्नांची उत्तरे शोधली पाहिजेत. गोंड, कोलाम, परधान, आंध आणि बंजारा समाजांतील विद्यार्थी ज्या जिल्ह्याच्या महाविद्यालयांत एकत्र बसतात, तेथे हे प्रश्न निव्वळ सौंदर्यशास्त्राचे राहत नाहीत. चित्रकथा वर्गात शिकविताना नायकाच्या लाल-निळ्या वेशाबरोबरच खलनायकाच्या त्वचेची छटाही फळ्यावर मांडली जावी. सावळ्या विठ्ठलाला 'सावळा' म्हणून आळविणाऱ्या भाषेने सावळा नायक सावळ्याच रंगात रंगविण्यास कचरू नये.