अक्षयनीवी आणि तीस दिवसांचे दार

विद्यापीठाच्या ग्रंथालयातून वेळोवेळी एक सूचना निघत असते. अमुक एक शैक्षणिक डेटाबेस अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत विनामूल्य पाहता येईल. प्राध्यापक व संशोधक यांनी त्याचा लाभ घ्यावा आणि आपला अभिप्राय कळवावा, असा तिचा आशय असतो. ग्रंथपाल मंडळी यास ‘ट्रायल अ‍ॅक्सेस’ म्हणतात. आपण चाचणी-प्रवेश म्हणू. ही मुदत पुष्कळदा तीस दिवसांची असते. वरवर पाहता ही साधी कार्यालयीन बाब आहे. परंतु बौद्ध अध्ययन करणाऱ्यांनी, विशेषतः विद्यापीठाच्या आवाराबाहेर राहून ते करणाऱ्यांनी, तिचे परीक्षण करणे अगत्याचे आहे असे आम्हांस वाटते. ज्ञान कोणाच्या स्वाधीन असावे, हा आपल्या चळवळीचा मूळ प्रश्न या लहानशा सूचनेत दडलेला आहे.

प्रथम या पद्धतीच्या बाजूने जे बोलण्यासारखे आहे ते बोलले पाहिजे. लक्षावधी रुपयांची वर्गणी भरण्यापूर्वी वस्तू पारखून घेणे यात गैर काही नाही. कालाम सुत्ताचा वाचक तरी पारखण्याला आक्षेप घेणार नाही. धम्माला आपण ‘एहिपस्सिको’ म्हणतो. डेटाबेसचा विक्रेताही ‘या आणि पाहा’ असेच म्हणतो. मात्र ज्या वंदनेत आपण हा शब्द उच्चारतो, त्याच वंदनेत त्याच्या लगेच आधी ‘अकालिको’ हा शब्द येतो. काळाचे बंधन नसणे हा धम्माचा गुण सांगितला आहे. विक्रेत्याच्या निमंत्रणात एहिपस्सिको आहे, अकालिको नाही. एकतिसाव्या दिवशी तेच पान पैसे मागते.

आता ही चाचणी प्रत्यक्षात कशी चालते ते पाहू. विद्यापीठाच्या संगणकांचे आयपी पत्ते प्रकाशकाकडे नोंदविले जातात आणि त्या पत्त्यांवरून आलेल्या वाचकालाच दार उघडते. बाहेरून यावयाचे तर विद्यापीठाने दिलेले सदस्यनाम व परवलीचा शब्द लागतो. मुदतीत किती लेख उघडले गेले, किती उतरवून घेतले गेले, याची मोजदाद होते. अशा मोजणीचे सर्वमान्य नियम ‘काउंटर’ नावाच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने २००३ पासून घालून दिले आहेत. हे आकडे व आलेले अभिप्राय समोर ठेवून वर्गणी भरावी की न भरावी हे ठरते. म्हणजे चाचणी डेटाबेसची असते, तशीच ती वाचकांचीही असते. जो त्या तीस दिवसांत आत येऊ शकला नाही, त्याची गरज आकड्यांत उमटत नाही. आणि जी गरज उमटत नाही ती नाहीच, असे धरले जाते.

येथे आम्हांस हरसूलचे स्मरण होते. नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वर तालुक्यात, गुजरातच्या सीमेजवळ वसलेले हे आदिवासी परिसरातील गाव. नाशिक जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. विद्यापीठाचे मुख्य ग्रंथालय, म्हणजे जयकर ज्ञानस्रोत केंद्र, पुण्यास आहे. हरसूल परिसरातील एखाद्या विद्यार्थिनीने नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील शिलालेखांवर प्रबंधिका लिहावयाचे ठरविले, अशी कल्पना करू. लेणी तिच्याच जिल्ह्यातील आहेत. तिला काय मिळेल आणि काय मिळणार नाही?

मूळ साधने तिला मिळतील. भगवानलाल इंद्रजी यांनी मुंबई गॅझेटियरच्या नाशिक खंडासाठी केलेले या लेण्यांचे विवेचन १८८३ चे आहे. एमिल सेनार यांनी या लेखांचे केलेले संपादन ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात, १९०५-०६ मध्ये आले. ही दोन्ही संगणकावर विनामूल्य वाचता येतात. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचे तिपिटक देवनागरीसह अनेक लिप्यांत सर्वांसाठी खुले ठेवले आहे. ‘शोधगंगा’मध्ये भारतीय विद्यापीठांतील पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि त्यांत मराठीतील प्रबंधही आहेत. अमेरिकेतील ‘जेस्टोर’ने २०११ मध्ये आपल्या संग्रहातील अतिजुने लेख जगास मोकळे केले.

परंतु या यादीकडे नीट पाहिले म्हणजे तिच्यातील उणीव ध्यानात येते. मूळ ग्रंथ, देशी प्रबंध आणि शंभर वर्षांपूर्वीचे पांडित्य खुले आहे. त्या पांडित्याचे पुढील काळात झालेले खंडन पुष्कळ अंशी बंद आहे. ‘इंडो-इरानियन जर्नल’, ‘जर्नल ऑफ इंडियन फिलॉसॉफी’, ‘कॉन्ट्रिब्यूशन्स टू इंडियन सोशॉलॉजी’ यांतील बरेचसे लेखन वर्गणीच्या भिंतीआड असते. परिणामी हरसूलच्या विद्यार्थिनीच्या हाती एकोणिसाव्या शतकातील मते त्यांच्या दुरुस्तीवाचून पडतात. क्षहरातांचा काळ, श्रेणींचे स्वरूप, भिक्षुसंघाचा अर्थव्यवहार यांवर पुढे जे वाद झाले ते तिला ठाऊक होत नाहीत, आणि मग परीक्षक तिच्या लेखनास जुनाट म्हणतो. हा दोष तिचा नव्हे. आणखी एक विसंगती अशी की, नवदीक्षित बौद्ध समाजाच्या जीवनावर, त्याच्या विहारांवर व चळवळीवर जे संशोधन जगभर प्रसिद्ध होते, त्यातील बरेचसे ज्यांच्याविषयी ते आहे त्यांनाच वाचता येत नाही. माहिती आमच्या वस्तीतून जाते आणि कुलूपबंद होते.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘एन-लिस्ट’ योजनेने महाविद्यालयांना हजारो नियतकालिके अल्प वर्गणीत उपलब्ध करून दिली. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळजवळ १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक संस्था, असा तिचा विस्तार आहे. १ जानेवारी २०२५ पासून ती अमलात आली. हे पाऊल मोठे आहे. तथापि तिचा आरंभ शासकीय व्यवस्थापनाखालील संस्थांपासून झाला, आणि ग्रामीण महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्थांची आहेत. विहाराशी जोडलेली अध्ययनकेंद्रे आणि स्वतंत्र अभ्यासक तर तिच्या व्याख्येतच बसत नाहीत. शिवाय तीही मुदतीचीच आहे. तीस दिवसांच्या जागी तीन वर्षे आली. भाडे ते भाडेच राहिले.

ज्या शिलालेखांचा उल्लेख वर केला, त्यांतच या पद्धतीची समीक्षा करण्याचे माप आम्हांस सापडते. त्रिरश्मीच्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण अक्षयनीवी म्हणून गोवर्धनातील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. पैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ द्यावयाचे, म्हणजे हिशेब तंतोतंत जुळतो. मुद्दल परत मागावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, असा निर्बंध आहे. हे दान निगमसभेत जाहीर करून दप्तरी नोंदविले गेले. आणि ते चातुद्दिस संघाला, म्हणजे चारी दिशांनी येणाऱ्या भिक्षूंना दिलेले आहे.

उषवदाताचे आम्ही गौरवीकरण करीत नाही. तो राजकुळातील दाता होता आणि त्याचे औदार्य त्याच्या सत्तेच्या आधाराने उभे होते. परंतु त्या व्यवहाराची रचना पाहा. देणगी मुदतीची नाही. तिच्या अटी सर्वांसमक्ष सांगितलेल्या आहेत. भिक्षू कोणत्या गावाहून आला, हे विचारलेले नाही. चाचणी-प्रवेशाची रचना या तिन्ही बाबतींत नेमकी उलट आहे. तेथे मुदत आहे, किमतीची बोलणी बंद दाराआड होतात, आणि वाचक कोणत्या पत्त्यावरून आला हाच पहिला प्रश्न असतो.

मुदतीचे दार म्हणजे काय हे आपल्याला इतिहासानेही शिकविले आहे. बाबासाहेबांचा ‘भारतातील जाती’ हा निबंध मे १९१७ च्या ‘इंडियन अँटिक्वेरी’त प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनमधील अध्ययन अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. स्वतःची बचत आणि इतरांचे साहाय्य यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. असे पुन्हा जाणे प्रत्येकास साधत नाही. आणि जे असामान्य पुरुषासच साधते, त्यावर सामान्य विद्यार्थ्याचे शिक्षण उभारता येत नाही. १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, १९५० मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय, ते याच जाणिवेतून.

म्हणून विद्यापीठांच्या ग्रंथालयांस आमचे सांगणे असे. चाचणीची मुदत परीक्षा वा सुटीच्या दिवसांत घेऊ नये. तिची सूचना संलग्न महाविद्यालयांना आगाऊ व मराठीत पाठवावी. तेथील विद्यार्थ्यांना त्या काळापुरते तरी बाहेरून प्रवेश मिळावा. उघडलेल्या लेखांबरोबर नाकारल्या गेलेल्या मागण्यांचीही मोजदाद पाहिली जावी. ‘काउंटर’च्या नियमांत तशी तरतूद आहेच. आणि वर्गणीचा करार करताना, ग्रंथालयात स्वतः येणाऱ्या बाहेरच्या वाचकास तेथे बसून वाचता येईल, अशी अट घालावी.

पण एक प्रश्न आम्ही आम्हांलाही विचारला पाहिजे. आपल्या संस्थांची नियतकालिके, स्मरणिका, परिषदांचे अहवाल यांचे जुने अंक कोठे आहेत? पुष्कळसे विहारांच्या कपाटांत वाळवीच्या स्वाधीन आहेत. ते कोणत्याही डेटाबेसात नाहीत, विकतचे नाहीत आणि फुकटचेही नाहीत. दुसऱ्याच्या कुलपाविषयी बोलताना आपल्या कपाटाची किल्लीही शोधावी लागेल. प्रत्येक अध्ययनकेंद्राने आपल्या अंकांच्या प्रती संगणकावर चढवून सर्वांस कायमच्या खुल्या केल्या, तर ती आपल्या काळातील लहानशी अक्षयनीवी ठरेल. हरसूलहून वाचणाऱ्या विद्यार्थिनीला मग निदान आपल्या दारी तरी तारीख विचारली जाणार नाही.