लक्ष्मीबाईंचं सोवळं

मत बदलल्याची हकिगत लिहिणाऱ्याला एक मोह हटकून होतो: जुन्या स्वतःला वेड्यात काढायचं आणि आजच्या स्वतःला शहाणं ठरवायचं. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या चार भागांतल्या आत्मचरित्रात (१९३४ ते १९३६) हा मोह औषधालाही सापडत नाही.

पुस्तक सुरू होतं ते वडिलांच्या, म्हणजे नानांच्या सोवळ्यापासून. १८५७ च्या बंडानंतर नानांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने नानांच्या डोक्यात विटाळाचं भूत शिरलं. बाजारातून आलेलं सामान घरात घ्यायचं ते धुऊन. मीठसुद्धा, साखरसुद्धा! आता धुतलेल्या मिठातलं हाती काय लागणार? लक्ष्मीबाई हे हसत हसत सांगतात, पण बापाची टर उडवत नाहीत. घरातल्या बायकापोरांचे हाल त्याच हसण्यातून कळत जातात. सोवळं ही या बाईच्या लेखी निव्वळ कल्पना नाही, ती बाळपणापासून अंगवळणी पडलेली गोष्ट आहे, हे इथेच पक्कं होतं.

लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड टिळक यांच्या मतपरिवर्तनाची गोष्ट ऐटदार आहे. आगगाडीत भेटलेला गोरा प्रवासी, त्याने दिलेला नवा करार, मग वाचन, मनातली झुंज आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. लक्ष्मीबाईंनी मात्र ती मागे राहिलेल्या बायकोच्या जागेवरून लिहिली आहे. नवऱ्याला प्रकाश दिसला आणि हिच्या संसारावर कुऱ्हाड आली. नवऱ्यापासून दूर काढलेले पंढरपुरातले दिवस वाचताना टिळकांची बाजू घेणं जड जातं, आणि ते तसं जावं अशीच लेखिकेची मांडणी आहे. पुढे नवऱ्याजवळ राहायला आल्यावरही त्यांचं पाणी वेगळं, चूल वेगळी.

आणि मग तो प्रसंग. एकट्या विचार करत असताना त्यांच्या मनात येतं की जाती देवाने केल्या असत्या तर जनावरांत दिसतो तसा उघड फरक माणसांतही दिसला असता. बस्स, एवढंच. समोर पाद्री नाही, टिळकांचं प्रवचन नाही. मला सगळ्यात भावतं ते हे की त्यातून निघणारा निर्णय खाण्यापिण्याचा आहे: आजपासून कोणाच्याही हातचं चालेल. परमेश्वराच्या स्वरूपाची चर्चा दुसऱ्या कोणी इथे पानंच्या पानं केली असती. या बाईंचं मत जिथे अडलं होतं तिथेच, पाण्याच्या भांड्यापाशी, सुटलं. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा.

निर्णय असा चार ओळींत उरकता येतो, कारण त्याची तयारी शेकडो पानं चालली आहे. म्हणून संक्षिप्त आवृत्ती हाती आली तर तेवढ्यावर भागवू नका. चारही भाग मिळवा, आणि नानांची धुवाधुवी घाई न करता वाचा.